वाकरूळकर सिस्टर आणि धुराचा अलार्म

नाहूरच्या त्या सोसायटीत मिल्का वाकरूळकरांना नावाने कुणीच हाक मारत नाही. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या त्या ‘सिस्टर’. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पांढऱ्या साड्यांची केव्हाच फडकी झाली, पण हुद्दा काही अंगावरून उतरला नाही. आणि उतरणार तरी कसा? महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात, भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात त्यांनी उभी हयात काढली. आग माणसाचं काय करते हे त्यांनी इतकं जवळून पाहिलं होतं, की उरलेल्या आयुष्यात जगाला आगीपासून वाचवण्याचा ठेका आपल्याकडेच आहे अशी त्यांची समजूत झाली होती.

लिफ्टमध्ये एखाद्या सुनेच्या गळ्यात नायलॉनची ओढणी दिसली की संपलंच. “ही घालून गॅसपुढे उभी राहतेस? सासूने सांगितलं की हौस आहे?” ती बिचारी पुढच्याच मजल्यावर उतरून उरलेले जिने चढून जायची. दिवाळीत पोरं फटाके घेऊन खाली उतरली की सिस्टर खुर्ची टाकून बसायच्या. सुती कपडे नसतील त्याने घरी जाऊन बदलून यायचं, पाण्याची बादली भरल्याशिवाय फुलबाजीसुद्धा पेटवायची नाही. पोरं मागे तोंडं वेंगाडायची, पण बादली भरायची. त्या सोसायटीत दिवाळीला कुणाला साधा चटकाही बसला नाही, याचं श्रेय सिस्टर स्वतःकडे घेत. खोटं कशाला बोला, ते त्यांचंच होतं.

एवढ्या जागरूक बाईच्या स्वतःच्या घरात मात्र दर शुक्रवारी जिती आग छताला टांगलेली असायची.

आडनावावरून लोकांना सिस्टर कोकणातल्या वाटतात आणि त्या आहेतही कोकणातल्याच, अलिबागकडच्या. फक्त त्यांच्या दाराच्या चौकटीवर गणपतीच्या जागी पितळेची छोटी तिरपी नळी आहे, तिला मेझुझा म्हणतात, आणि आत-बाहेर जाताना त्या तिला बोटं लावून ओठांना लावतात. सिस्टर बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. त्यांच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी काम करायचं नाही हा धर्माचा दंडक, म्हणून घाणा शनिवारी बंद, आणि म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घाणे गेले, गाव सुटलं, पण शनिवार राहिला. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ. त्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, विजेचं बटण दाबायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. लिफ्टलाही बटण असतं, त्यामुळे अकराव्या मजल्यावरच्या सिस्टर शुक्रवारी संध्याकाळी घरात शिरल्या की शनिवार सरल्यावरच खाली उतरायच्या.

शब्बाथ सुरू व्हायच्या आधी घरच्या बाईने दिवा लावायचा. सिस्टरच्या हॉलमध्ये तो छताच्या हुकाला साखळीने टांगलेला होता. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि त्यात तरंगती वात. त्यांच्या आईचा दिवा होता तो. एकदा सेक्रेटरी देवदत्त साने यांनी बाजारात मिळणारा बॅटरीचा दिवा भीत भीत सुचवला. सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. “साने, तेल्याच्या वंशात जन्मून मी सेलवरचा दिवा लावू? माझी आई वर बसून कपाळ बडवेल.” सानेंनी विषय सोडून दिला. ते तसे समजूतदार गृहस्थ आहेत.

सिस्टर घरात एकट्याच. नवरा हायम गेल्याला काही वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा आशेर इस्राएलला, अश्दोदच्या बंदरात क्रेन चालवतो. मुलुंडच्या मराठी शाळेत शिकलेला, शनिवारी क्रिकेट खेळायला पळणारा हा पोरगा तिकडे जाऊन दाढी वाढवून असा काही धार्मिक झाला की आईच तोंडात बोट घाले. शब्बाथला तो फोन बंद करून कपाटात ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, जायचा. बेने इस्राएलांतली जुनी माणसं सिनेगॉगला मशीद म्हणतात, सिस्टरही म्हणतात. “आमच्या आशेरची शनिवारची मशीद चुकत नाही,” हे त्या ज्याला त्याला सांगायच्या. ज्यांना काही कळायचं नाही तेही मान हलवायचे.

त्याने दोनदा त्यांना तिकडे नेऊन ठेवून पाहिलं होतं. सून चांगली, नातवंडं गोड, समुद्र तर अलिबागसारखाच. पण सिस्टर दोन्ही वेळा मुदतीआधी परत आल्या. “तिथे मी आशेरची आई,” त्या म्हणायच्या. “इथे मी सिस्टर.” इथे खिडकीतून मिठागरं दिसतात, पलीकडे खाडी. हायमची कबर इथे. लिफ्टमधल्या सुनांवर लक्ष ठेवायचं कामही इथेच. मरेपर्यंत याच घरात, स्वतःच्या हाताने करून खाऊन राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि नेमकं तेच धोक्यात आलं.

झालं ते एका मेणबत्तीमुळे. हनुक्काच्या सणात रोज एकेक वाढवत मेणबत्त्या लावतात. त्यातली एक कलंडली आणि टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडाला बशीएवढं भोक पडलं. सिस्टरनी क्षणात विझवून टाकलं आणि कुणाला कळू नये म्हणून त्यावर फुलदाणी ठेवली. पण व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता नातीला फुलं दाखवायला फुलदाणी उचलली आणि पलीकडून आशेरचा चेहरा पडद्यावर पुढे आला. “आई, ते काळं काय आहे?”

“शाई सांडली.”

“शाई? आई, शेवटचं शाईचं पेन तू कधी बघितलंस?”

महिन्याभरात तो स्वतः येऊन हजर झाला. सामानात एक पांढरा गोल डबीसारखा स्मोक डिटेक्टर. त्याने स्टुलावर चढून हॉलच्या छताला भोकं पाडली आणि तो बसवला. हे यंत्र नुसतं कोकलणार नव्हतं. घरच्या वायफायवरून थेट आशेरच्या फोनवर निरोप पाठवणार होतं. अश्दोदला बसून त्याला कळणार होतं की नाहूरला आईच्या घरात धूर झालाय. माणूस किती हुशार झालाय बघा. आणि या हुशार माणसाने ते यंत्र बसवलं कुठे? तर हॉलच्या मधोमध, आईच्या टांगत्या दिव्याच्या बरोबर वर. सिस्टर खाली स्टूल धरून उभ्या होत्या, त्यांच्याही डोक्यात ते आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष छताचा रंग उडतोय याच्याकडे.

आशेर परत गेला, आणि त्यानंतरच्याच एका शुक्रवारी वात धुरकटली.

तेलात कदाचित पाणी चढलं असेल. दिवा लावून, डोळे झाकून आशीर्वाद म्हणून झाला, शब्बाथच्या प्रार्थनेसाठी मनुकांच्या सरबताचा पेला भरून ठेवला, आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडतात न उघडतात तोच डोक्यावर जो काही आक्रोश सुरू झाला! सिस्टरनी वर बघितलं, दिव्यातून काळी रेघ सरळ वर चाललेली. आग नाही, धोका नाही, नुसती काजळी. शब्बाथ लागलेला, दिवा विझवता येत नाही, यंत्राचं बटण दाबता येत नाही. शब्बाथ लागायच्या आधीच उघडी असलेली खिडकी आणखी सताड उघडली, कानात कापूस घातला आणि त्या पुस्तक घेऊन खुर्चीत बसल्या.

समोरच्या फ्लॅटमधल्या माधुरी गायकवाडने दार वाजवलं. माधुरी आणि तिचा नवरा अंबादास, दोघं जालन्याकडचे, बुद्धविहारात जाणारे, दोघंही नोकरदार. सिस्टरचा तिच्यावर जीव होता, म्हणजे तिला त्या सगळ्यात जास्त ओरडायच्या.

“सिस्टर! काय झालं? दार उघडा ना!”

“काही नाही गं, दिवा आहे. जा तू.”

“मी येऊ का आत? बंद करून देते.”

“नको म्हटलं ना!”

इथे सिस्टरचा एक खास हट्ट सांगायला हवा. बऱ्याच ज्यू घरांतून शब्बाथला शेजारपाजारचं कुणीतरी येऊन दिवा मालवून जातं, पंखा लावून जातं. सिस्टरच्या आईकडेही गावात असं कुणी ना कुणी यायचं. सिस्टरना ते कधीच पटलं नाही. आपला नेम आपण पाळायचा, त्यासाठी दुसऱ्याला राबवायचं नाही, असं त्या म्हणायच्या. ऐकायला फार बरं वाटतं. पण खरं कारण वेगळं होतं. जन्मभर दुसऱ्यांना उठवलं, बसवलं, भरवलं, पुसलं. आता कुणीतरी आपल्याकडे त्या नजरेने बघावं, आपण कुणाच्या तरी लक्ष ठेवण्याच्या यादीत जावं, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. तेव्हा माधुरीला बंद दारातूनच परत पाठवलं.

मग टेबलावरचा फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. फोन पालथा पडलेला, नाव दिसत नव्हतं, आणि उलटा करून बघायचा प्रश्नच नव्हता. सिस्टरनी विचार केला, शब्बाथला मी फोन उचलत नाही हे आशेरला पक्कं ठाऊक आहे, म्हणजे हा आशेर नाही. असेल कुणीतरी कर्जवाला. आणि त्या पुढचं पान वाचू लागल्या.

तो आशेरच होता. नाहूरला दिवेलागण होते तेव्हा अश्दोदला टळटळीत दुपार असते, तिकडचा शब्बाथ लागायला अजून वेळ असतो. क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या आशेरच्या फोनवर निरोप आला, घरात धूर. त्याने आईला फोन लावला, आई उचलेना. आई शब्बाथला फोन उचलत नाही ही गोष्ट त्याला जन्मापासून माहीत. पण त्या घटकेला ती त्याच्या डोक्यातून पार पुसली गेली. त्याला एवढंच दिसलं की घरात धूर आहे आणि आई फोन उचलत नाही. त्याने ठाण्याच्या आपल्या शाळासोबत्याला, चैतन्यला गाठलं. चैतन्यने अग्निशमन दलाला.

पुढचं नाहूरकर अजून रंगवून सांगतात. बंब आला, शिडी आली, सोसायटी खाली गोळा झाली, पोरांनी व्हिडिओ काढले. जवान धापा टाकत अकराव्या मजल्यावर पोचले आणि दार फोडणार इतक्यात दार आतून उघडलं. कानात कापूस घातलेल्या सिस्टर.

“आजी, आग कुठे आहे?”

“आग नाही, शब्बाथ आहे,” सिस्टर म्हणाल्या. मग त्यांची नजर त्या अधिकाऱ्याच्या मनगटावर गेली. “हे कधी भाजलं? कुणी ड्रेसिंग केलं होतं? कातडी ओढून धरलीय बघ. रोज तेल लावून बोटं मागे वाकवत जा.” अधिकाऱ्याने गोंधळून बोटं मागे वाकवून दाखवली. तोवर काजळी निवळून यंत्रही गप्प झालेलं. जवानांनी घर नीट तपासलं, दिवा यंत्राखाली टांगू नका एवढं सांगितलं आणि सलाम करून गेले.

शनिवारी चांदण्या दिसल्यावर सिस्टरनी फोन सरळ केला. आशेरचे एवढे कॉल की पडदा भरून वाहत होता. शेवटी चैतन्यनेच सगळं ठीक असल्याचं कळवलं होतं, तेही अश्दोदला शब्बाथ लागायच्या तोंडावर. तिकडचा शब्बाथ सरल्याबरोबर आशेरचा व्हिडिओ कॉल आला. तो चिडला असता तर सिस्टरना बरं वाटलं असतं. तो चिडला नव्हता. त्याचे डोळे सुजलेले होते.

“आई, मला वाटलं तू गेलीस.”

वॉर्डाच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांचे असे डोळे सिस्टरनी खूप पाहिले होते. त्यांना लाज वाटली.

“आता ऐक,” तो म्हणाला. “चैतन्य येऊन डिटेक्टर पॅसेजमध्ये हलवेल. शब्बाथ असो नाहीतर काही असो, अलार्म वाजला आणि माझा फोन आला तर तू उचलायचास. जिवाचा प्रश्न असला की चालतं, हे तूच मला शिकवलंस. शनिवारी ड्यूटीवर जायचीसच ना तू?”

“जायची. जीव वाचवताना शब्बाथ मोडत नाही, असं माझे वडील म्हणायचे.”

“मग झालं तर. पुन्हा अलार्म वाजला आणि तू उचलला नाहीस, तर मी येऊन तुला घेऊन जाणार. घराला कुलूप. मग मी काही ऐकणार नाही.”

हा आशेर पोकळ बोलणारा नव्हता. सिस्टरनी खिडकीबाहेर बघितलं. मिठागरांवर अंधार होता.

“बरं,” त्या म्हणाल्या. मग वॉर्डात पोरींच्या चुका पकडणारं त्यांचं डोकं जागं झालं. “पण काय रे शहाण्या, शुक्रवारी तुझी दुपार होती म्हणून तुला कळलं. शनिवारी सकाळी अलार्म वाजला तर? तुझा फोन तर बंद होऊन कपाटात.”

घरात विस्तव सबंध दिवस जळत राहतो तो शब्बाथला, आणि बाई बटणाला हात लावत नाही ती शब्बाथला. म्हणजे यंत्राची सगळ्यात जास्त गरज असते तो दिवस, आणि ते यंत्र ज्याला हाका मारणार त्याचा फोन नेमका त्याच दिवशी बंद. दोघं इतके देवभक्त की दोघांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. सिस्टरना हसू फुटलं. आशेरला नाही फुटलं.

“समोरच्या माधुरीताईंचा नंबर देऊ त्यात?” तो म्हणाला. “चैतन्यची तर नागपूरला बदली होतेय. अलार्म त्यांच्या फोनवर जाईल.”

“मुळीच नाही. तिला तिचा संसार आहे, नोकरी आहे. शनिवारी जरा निवांत असते तर माझ्या घराची राखण करत बसू दे? मी काय तान्हं पोर आहे?”

“आई...”

“आशेर, तिला विचारलंस तर बघ. शब्बाथपुरता देव आहे ना वर? तो बघेल.”

“बरं,” आशेर म्हणाला. “बघतो काय ते.” विषय तिथेच मिटला, निदान सिस्टरना तसं वाटलं.

हिवाळा सरला, उन्हाळा आला. डिटेक्टर पॅसेजमध्ये गेला आणि मुकाट राहिला. सिस्टर दिव्याची वात नीट कातरून लावू लागल्या. सानेंनी मीटिंगमध्ये त्या प्रसंगाचा नुसता ‘ती घटना’ असा उल्लेख केला. लिफ्टमधल्या सुना मात्र सिस्टरकडे बघून गालात हसायच्या, आणि सिस्टर ते न दिसल्यासारखं करायच्या.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारची गोष्ट. शब्बाथला गॅस पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच तो अगदी बारीक करून वर पत्रा ठेवायचा आणि त्या पत्र्यावर नारळाच्या दुधातल्या कोंबडीचं पातेलं, ही सिस्टरची नेहमीची रीत. कोंबडी शनिवारी दुपारपर्यंत गरम राहते. त्या आठवड्यात झाकण नीट बसेना म्हणून त्यांनी पातेल्याला एक जाड फडकं गुंडाळलं होतं. नायलॉनची ओढणी दोन मजल्यांवरून ओळखणाऱ्या बाईंनी विस्तवावर फडकं गुंडाळून ठेवलं, आणि का? तर दर शनिवारी काही होत नाही म्हणून.

सकाळी सिस्टर खिडकीशी प्रार्थना म्हणत बसल्या होत्या. प्रथम वास आला. मग पॅसेजमध्ये अलार्म कोकलला. स्वयंपाकघरात जाऊन बघतात तर फडक्याचं टोक सुटून पत्र्याखाली गेलेलं आणि पेटलेलं, ज्वाळा खिडकीच्या पडद्याकडे निघालेली.

इथे सिस्टर क्षणभरही थांबल्या नाहीत. शब्बाथ आठवला नाही असं नाही, पण तो कुठे उभा करायचा हे त्यांना वॉर्डाने शिकवलं होतं. गॅसचं बटण फिरवून बंद केलं, सांडशीने फडकं उचलून सिंकमध्ये टाकलं, नळ सोडला, ओल्या हाताने पडदा ओढून खाली पाडला. चर्र आवाज झाला, पांढऱ्या धुराचा लोट घरभर झाला आणि आग संपली. ‘वाकरूळकर, मूर्ख बाई आहेस तू,’ त्या मोठ्याने स्वतःला म्हणाल्या.

अलार्म कोकलतच होता. माधुरी दार वाजवायला लागली. आणि त्या सगळ्या गोंगाटात टेबलावरचा फोन वाजू लागला.

सिस्टर पॅसेजमध्येच थबकल्या. हा आशेर असूच शकत नाही. तिकडेही शनिवार आहे, सकाळ आहे, तो मशिदीत असेल आणि फोन कपाटात. त्या टेबलाजवळ गेल्या. या वेळी फोन सरळ होता. पडद्यावर दाढीवाला आशेर हसत होता, मांडीवर नातीला घेऊन काढलेला फोटो.

त्यांनी फोन उचलला. हायमशी लग्न होऊन या घरचा शब्बाथ त्यांच्या हातात आला, तेव्हापासून घरात त्यांनी पहिल्यांदाच शनिवारी फोन कानाला लावला.

“आई! आई, बोल!”

“बोलतेय. फडकं पेटलं होतं. विझवलं. मी ठीक आहे, हात, पाय, सगळं.”

दार वाजतच होतं. सिस्टरनी फोन कानाशी धरूनच जाऊन कडी काढली. माधुरी आत आली, ओढणी नाकाला लावून सरळ स्वयंपाकघरात गेली, सिंकमध्ये डोकावली आणि खिडक्या उघडू लागली. सिस्टरनी तिला अडवलं नाही.

“आशेर,” त्या म्हणाल्या, “तुझा फोन चालू कसा?”

“असतो चालू.”

“शब्बाथला?”

“हो.”

“कधीपासून?”

“तू तो प्रश्न विचारलास, त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून. आमच्या धर्मगुरूंना, रब्बाईंना विचारलं मी. ते म्हणाले, आईच्या जिवाचा प्रश्न आहे, ठेव चालू.”

“आणि मशिदीत घेऊन जातोस फोन? सगळ्यांच्या देखत?”

“नाही गं. तिथे कसा नेणार? वाजला तर सगळी प्रार्थना थांबेल.” तो सहज सांगितल्यासारखं म्हणाला, पण त्याला सहज सांगणं कधी जमलंच नाही. “मी घरीच म्हणतो. मुलं जातात.”

सिस्टर खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा. त्या इकडे लोकांना सांगत होत्या की आमच्या आशेरची शनिवारची मशीद चुकत नाही, आणि तिकडे तो दर शनिवारी मुलांना हाताला धरून दारापर्यंत सोडायचा आणि परत येऊन फोनसमोर बसायचा. आईने शेजारणीचा नंबर देऊ दिला नाही म्हणून. आपला नेम आपण पाळायचा, दुसऱ्याला राबवायचं नाही. त्यांना स्वतःचाच राग आला.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? उगीच मनाला लावून घेतलं असतंस. माझं काही अडत नाही आई. तू राहा तिथे. तुला तिथेच बरं वाटतं ना.”

घेऊन जाण्याचं, कुलपाचं त्याने अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर सिस्टर भांडल्या असत्या. भांडणं त्यांना सोपं गेलं असतं.

माधुरी खिडक्या उघडून बाहेर आली. “सिस्टर, तुम्हाला लागलं नाही ना कुठे? हात दाखवा.” आणि तिने खरंच त्यांचा हात धरून दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, सिस्टर पेशंटचा पाहायच्या तसाच. सिस्टरनी हात तिच्या हातात राहू दिला.

“माधुरी,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. “माझं एक काम करशील का गं?”

माधुरी इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होती. “सांगा ना.”

“हे छतावरचं यंत्र वाजलं की आशेरला कळतं. त्याला तुझा नंबर हवाय, म्हणजे तुला कळेल. शनिवारी तुला त्रास होईल. कधी वेळी-अवेळी वाजेल. तुला धावत यावं लागेल.”

“एवढंच ना?” माधुरी म्हणाली. “अहो, मी तर तो वाजला की तशीही धावत येते. तुम्हीच दार उघडत नाही.”

सिस्टरनी फोन तिच्या हातात दिला. “त्याला सांग.”

माधुरीने फोन कानाला लावला. “दादा, मी माधुरी. हो, अगदी ठीक आहेत, ओरडण्याइतक्या ठीक आहेत. माझा नंबर घ्या, अंबादासचाही देते...”

“आत्ता देऊ नको!” सिस्टर मागून म्हणाल्या. “शब्बाथ आहे, तो लिहून घेणार नाही. संध्याकाळी पाठव. आणि त्याला म्हणावं, फोन बंद कर आता. कपाटात ठेव आणि मशिदीत जा. अजून वेळ आहे तिथे.”

माधुरीने निरोप जसाच्या तसा सांगितला. मग बराच वेळ ती नुसतं ऐकत राहिली, हो हो म्हणत, आणि एकदा तिने पदर लावावा तसा ओढणीचा शेव डोळ्याला लावला. फोन टेबलावर ठेवून ती वळली.

“बंद केला त्यांनी.”

सिस्टर खाली बसल्या आणि रडू लागल्या. हायमला मातीत ठेवलं तेव्हाही त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या. माधुरी शेजारची खुर्ची ओढून, धूर घराबाहेर जाईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिली.